मचूळ पाण्याची टाकी: गोबी, पफर, निवटी की मोनो-स्कॅट?

मासे पाळायच्या मचूळ पाण्याच्या टाकीबद्दल विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा मिठाचा असतो: लिटरला किती ग्रॅम? पण मासा ठरल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही. गोड्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (म्हणजे शुद्ध पाण्याच्या मानाने ते किती जड) १.००० धरतात, समुद्राच्या पाण्याचं साधारण १.०२५. या दोन आकड्यांच्या मधलं सगळं पाणी मचूळच. खाडीच्या वरच्या टोकाला, जिथे पाण्याला जेमतेम खारट चव असते तिथला मासाही मचूळ पाण्याचा, आणि मुखाजवळ भरतीबरोबर आत-बाहेर करणाराही मचूळ पाण्याचाच. घरी मात्र या दोघांना एका टाकीत सुखाने ठेवता येत नाही.

म्हणून चार पर्याय समोरासमोर ठेवतो: बम्बलबी गोबींचा छोटा घोळका, एकटा फिगर-एट पफर (घाबरला की फुगणारा मासा), निवटीची (म्हणजे मडस्किपरची) अर्धी पाण्याची-अर्धी जमिनीची टाकी, आणि मोनो व स्कॅट या दोन माशांची मोठी टाकी. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदाच मचूळ टाकी लावत असाल तर १.००५ विशिष्ट गुरुत्वाच्या आसपासची लहान टाकी लावा आणि गोबी किंवा पफर यांतलं एक निवडा. उरलेले दोन्ही पर्याय देखणे आहेत, पण त्यांचा भार कितीतरी जास्त आहे.

आधी मिठाचा हिशेब

हा भार आकड्यांत बघितला की निर्णय निम्मा होतो. १.००५ साठी लिटरमागे साधारण ७ ग्रॅम मरीन सॉल्ट (समुद्री टाक्यांसाठी मिळणारं मीठ) लागतं, १.०१५ साठी साधारण २० ग्रॅम. गोबींची ५० लिटरची टाकी भरायला सुमारे ३५० ग्रॅम पुरेल, आणि दर आठवड्याला पाव पाणी बदललं तर दर वेळी ९० ग्रॅमच्या आतबाहेर. १.०१५ वरच्या ४०० लिटरच्या टाकीला सुरुवातीलाच ८ किलो लागेल. पुढे पाव पाणी बदलायचं म्हटलं की प्रत्येक वेळी २ किलो, शिवाय १०० लिटर पाणी वेगळ्या पिंपात कालवून तयार ठेवायला हवं. वाढलेल्या मोनो-स्कॅटच्या घोळक्याला तर ४०० लिटरही कमीच पडतात.

मीठ घ्यायचं ते मरीन सॉल्टच. जेवणातलं मीठ किंवा नुसतं 'अ‍ॅक्वेरियम सॉल्ट' म्हणून मिळणारं मीठ हे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. त्याने पाणी खारट होतं, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट मिळत नाहीत. हे घटक पाण्याची कठीणता वाढवतात आणि पीएच ७.५ ते ८.४ च्या पट्ट्यात टिकवून धरतात. मचूळ पाण्यातल्या माशांना तेच मानवतं. मीठ नेहमी वेगळ्या बादलीत, हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा) सोडून पूर्ण विरघळवा आणि मगच ते पाणी टाकीत घाला. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकू नका.

विशिष्ट गुरुत्व मोजायला हायड्रोमीटर चालतो, पण काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये एक खोड असते: काट्याला हवेचा बारीक बुडबुडा चिकटला की तो काटा वर उचलतो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. १.०२५ वर एवढा फरक खपून जातो, १.००५ वर सगळा आकडाच खोटा ठरतो. म्हणून वाचण्याआधी हायड्रोमीटर टिचकी मारून बुडबुडे झटकायचे. जमलं तर रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगणारं उपकरण) घ्या, आणि तो डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून घ्या.

गोबी की पफर?

खरी निवड इथे आहे, कारण दोघांनाही साधारण सारखंच पाणी चालतं. बाकी सगळं वेगळं.

बम्बलबी गोबी जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, आणि पोटाखालच्या जोडलेल्या परांनी काचेला किंवा दगडाला चिकटून बसायची सवय. सहा-आठ जण ४०-५० लिटरमध्ये मजेत राहतात. प्रत्येकाला आपली कपार हवी असते. शिंपले, छोटी मातीची भांडी, दगडांच्या फटी भरपूर ठेवल्या की ते हद्दीवरून एकमेकांना पिसारा फुलवल्यासारखे पर फुलवून दाखवतात, पण फारशी इजा करत नाहीत. अडचण खाण्याची आहे. गोळ्या आणि फ्लेक्सकडे बहुतेक गोबी ढुंकूनही बघत नाहीत. जिवंत किंवा फ्रोझन आर्टेमिया, डॅफ्निया, ब्लडवर्म असे पाण्यातले बारीक जीव हेच त्यांचं अन्न, आणि तेही सावकाश, तोंडापुढे आलेलं टिपून खाणार. चपळ मासे सोबत ठेवले की गोबी उपाशी राहतात आणि ते लवकर लक्षातही येत नाही. घरात आर्टेमियाची अंडी उबवायची तयारी असेल तर गोबी घ्या, नसेल तर नको.

फिगर-एट पफर साधारण ८ सेंटिमीटरचा होतो आणि त्याला एकट्याला ६०-७० लिटर द्यावेत. या माशात एक व्यक्तिमत्त्व आहे. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवत तो काचेपाशी येऊन तुमच्याकडे बघतो, कोण खायला देतं हे त्याला चांगलं कळतं. पण सोबत्यांचे पर कुरतडण्याची खोड पक्की, त्यामुळे ही एका माशाची टाकी आहे असंच धरून चाला. शिवाय त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कवचासकट गोगलगायी खायला मिळाल्या तरच ते झिजतात. नाहीतर ही दातांची चोच इतकी वाढते की तोंड उघडेनासं होतं. म्हणजे पफर पाळायचा तर बाजूला गोड्या पाण्याच्या छोट्या भांड्यात गोगलगायी वाढवणं आलंच. त्याला हलवायचं असेल तर जाळीने पाण्याबाहेर काढू नका. भीतीने फुगताना तो हवा आत घेऊ शकतो आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. मगात पाण्यासकट उचला.

घेताना ओळख नीट पटवून घ्या. फिगर-एटच्या पाठीवर गडद रंगात पिवळ्या वळशांची नक्षी असते, आणि पाठीच्या पराजवळ व शेपटीच्या मुळाशी पिवळ्या कडेचे डोळ्यासारखे ठिपके. हिरवट अंगावर सुटे गोल काळे ठिपके आणि पांढरं पोट दिसलं तर तो ग्रीन स्पॉटेड पफर. तो १५ सेंटिमीटरपर्यंत जातो, जास्त आक्रमक असतो आणि मोठेपणी बराच जास्त खारटपणा मागतो. दोघांचीही पिल्लं गोड्या पाण्यात, एकाच नावाने विकायला ठेवलेली दिसतात.

गोबी आणि पफर दोन्हींचं खाणं झेपणार नाही असं वाटत असेल तर सरळ मॉली पाळा. गोड्या पाण्यापासून समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यापर्यंत कुठेही हळूहळू सवय करता येणारा हा मासा १.००५ वर इतका धष्टपुष्ट राहतो की गोड्या पाण्यातली मॉली त्यापुढे फिकी वाटते. खाणं साधं, पिल्लं भरपूर. मचूळ पाणी सांभाळायचा हात बसवायला याहून चांगला मासा नाही.

निवटी

निवटीची टाकी इतर तिघांपेक्षा पूर्ण निराळी असते. तिला पाण्याइतकीच जमीन लागते: रेतीचा उतार, बसायला लाकूड-दगड आणि खाली उथळ पाणी. ती कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते, पण अंग ओलं असेल तोवरच. म्हणून झाकण घट्ट हवं आणि पाण्यावरची हवाही उबदार, दमट हवी. उघड्या टाकीत ती सुकते, किंवा काच चढून बाहेर पडते. डोळे ओले करायला ती ते खोबणीत आत ओढून परत वर काढते, तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी पुरत नाही. मात्र नर एकमेकांना सहन करत नाहीत, आणि छोट्या टाकीत हरलेल्याला पळायला जागा नसते. लांबरुंद टाकी शक्य असेल, फिल्टर आणि हीटर उथळ पाण्यात बसवायची खटपट आवडत असेल, तर हा पर्याय मला मोनो-स्कॅटपेक्षाही जास्त मोलाचा वाटतो.

मोनो आणि स्कॅट

चंदेरी मोनोंचा थवा आणि ठिपक्यांचे स्कॅट एकत्र पोहताना दिसले की मोह होणारच. विकायला येतात तेव्हा ते नाण्याएवढे असतात. मोनो २० सेंटिमीटरच्या पुढे जातो, स्कॅट त्याहून मोठा होतो, आणि दोघेही घोळक्यात राहणारे. लहानपण खाडीत काढून ते मोठे होता होता समुद्राकडे सरकतात, त्यामुळे टाकीचा खारटपणाही वर्षागणिक वाढवत न्यावा लागतो. स्कॅट दिसेल ती वनस्पती फस्त करतो, आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं, हात घालताना जपावं लागतं. शेकडो लिटरची टाकी आजच घरात असेल तरच घ्या. 'पुढे मोठी घेऊ' या भरवशावर नाही. पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणाऱ्या आर्चर फिशलाही हाच नियम लागू, वर पाण्याच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत मोकळी जागा सोडायची एवढी भर.

गोड्या पाण्याची टाकी आधीच असेल तर

तीच टाकी हलक्या मचूळ पाण्याची करता येते. फिल्टर, हीटर, दिवे तेच चालतात. १.००५ पर्यंत जावा फर्न ही पाणवनस्पती हळूहळू सवय झाल्यास तगते. त्यापुढे हिरवाईची आशा सोडलेली बरी. लाकडातून उतरणारी आम्लता पीएच खाली ओढते, म्हणून तळाला थोडा कोरल चुरा घालावा. समुद्री टाकीचं प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) इतक्या कमी खारटपणावर नीट फेस धरत नाही, त्यावर खर्च करू नका.

टाकीतलं पाणी उडून कमी झालं की भर गोड्या पाण्याचीच घालायची, कारण मीठ उडत नाही, मागेच राहतं. दर वेळी खारं पाणी ओतत गेलात तर महिन्या-दोन महिन्यांत आकडा कुठच्या कुठे जातो. फिल्टरमधले जिवाणूही खारटपणाच्या उडीने गळतात, आणि चढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी असतो, त्यामुळे इथे घाई महागात पडते. आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त चढवू नका. मासे घेताना ते सध्या कोणत्या पाण्यात आहेत ते विचारा, आपलं पाणी त्याच आकड्यावर आणून ठेवा, आणि तिथून वर चढायला लागा.