नौपाड्यातील मानसशास्त्राचा रविवारचा वर्ग : दोन सत्रे उत्तम, एक घाईचे

ठाण्याच्या नौपाड्यातील एका खासगी वर्गात अपसामान्य मानसशास्त्राचा, म्हणजे मानसिक विकृतींच्या अभ्यासाचा, चार रविवारांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. निम्मे विद्यार्थी तृतीय वर्ष बी.ए.चे होते, उरलेले माझ्यासारखे शाळेत शिकवणारे. पोटात दुखते म्हणून रडणाऱ्या मुलाला डॉक्टर 'काही नाही' असे सांगून परत पाठवतात, तेव्हा त्या 'काही नाही'चा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी मी नाव नोंदवले होते.

प्रास्ताविकाच्या पहिल्या रविवारी विशेष काही घडले नाही. दुसऱ्या रविवारच्या कायिक लक्षण विकृतीच्या, म्हणजे शारीरिक लक्षणांची अतिरेकी चिंता जडण्याच्या विकृतीच्या, सत्राने मात्र शुल्क वसूल झाले. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकृतींच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने शारीरिक कारण न सापडण्याची अट काढून टाकली आणि लक्षणांविषयीचे अतिरेकी विचार, सततची चिंता व त्यांपायी खर्च होणारा वेळ यांवर निदान उभे केले, हे बाईंनी इतके नेमके मांडले की हृदयविकार असलेल्या माणसालाही हे निदान लागू होऊ शकते, हे कोणालाच विचित्र वाटले नाही. त्यानंतर त्यांनी एका विद्यार्थ्याला सतरंजीवर झोपवून हूव्हरची खूण करून दाखवली. कार्यात्मक दुर्बलता (मज्जासंस्थेला इजा नसताना आलेला अशक्तपणा) असलेल्या रुग्णाला 'पाय खाली दाबा' असे सांगितले तर जोर लागत नाही. परंतु दुसरा पाय विरोधाविरुद्ध उचलायला लावला की त्याच 'अशक्त' पायाची टाच तपासणाऱ्याच्या तळहातावर आपोआप दाबली जाते. मज्जामार्ग शाबूत आहे आणि निदान केवळ तपासण्या निर्दोष आल्या म्हणून केलेले नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रात्यक्षिकात उलगडल्या.

वियोजन विकृतींच्या, म्हणजे भान, स्मृती किंवा 'मी'पणाची जाणीव तुटण्याच्या विकृतींच्या, सत्रात 'अंगात येणे' हा विषय निघणारच होता. समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक रीतीचा भाग असलेला संचार विकृती ठरत नाही. तो अनिच्छेने, वारंवार येऊन जगणे अवघड करू लागला तरच निदानाचा विचार होतो, हा भेद बाईंनी श्रद्धेची टिंगल न करता समजावला. एका विद्यार्थ्याने 'याला ठाण्याला पाठवा' हा जुना विनोद केला, तेव्हा १९०१ पासूनच्या इथल्या मनोरुग्णालयामुळे तो रूढ झाला, एवढेच सांगून त्या पुढे गेल्या.

निराशा झाली ती शेवटच्या रविवारी. भावस्थितीच्या विकृतींना, म्हणजे वर्गातील बहुतेकांच्या घरापर्यंत पोचलेल्या विषयाला, जेमतेम पाऊण तास मिळाला. निदानासाठी लक्षणे किमान किती काळ हवीत, म्हणजे अवसादासाठी (खिन्नतेसाठी) दोन आठवडे, उन्मादासाठी (टोकाच्या उत्तेजित अवस्थेसाठी) एक आठवडा, अल्पोन्मादासाठी (त्याच्या सौम्य रूपासाठी) चार दिवस, हे आकडे फळ्यावर उमटले खरे. परंतु खिन्न रुग्णाला पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला होता का, हे का विचारावे लागते, यावर चर्चा झालीच नाही. उन्माद आणि अवसाद दोन्हींचे झटके येणाऱ्या द्विध्रुवी विकृतीत केवळ अवसादरोधक औषध दिल्यास उन्माद उफाळण्याचा धोका असतो; मला वाटते, हे सांगण्यासाठी प्रास्ताविकातला अर्धा तास सहज कापता आला असता.

छापील टिपणेही जुनी आहेत. त्यांत 'हायपोकॉन्ड्रिअॅसिस' (आपल्याला गंभीर आजार असल्याची सततची भीती) हे डीएसएम-५ने वगळलेले निदान जसेच्या तसे आहे आणि कायिक विकृतीसाठी वैद्यकीय कारण नसणे आवश्यक मानले आहे, म्हणजे बाई फळ्यावर जे खोडत होत्या तेच आमच्या हातात होते. मी हे कार्यालयात दाखवले, तेव्हा पुढच्या तुकडीला नवी टिपणे मिळतील असे सांगण्यात आले. आमच्या तुकडीला ती मिळणार का, या प्रश्नाला उत्तर आले नाही.