टिमोलॉल की लॅटानोप्रोस्ट? काचबिंदूचे थेंब ठरवण्याआधी

काचबिंदूच्या चिठ्ठीवर पहिलं नाव बहुधा या दोनांपैकी एक असतं. दोन्ही थेंब डोळ्याचं प्रेशर उतरवतात, पण निरनिराळ्या वाटेने. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बाहेर निघून जातो. टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या आणि श्वासनलिका आवळू शकणाऱ्या औषधांपैकी एक. तो द्रव तयार होणंच कमी करतो, निचऱ्याला हात लावत नाही. लॅटानोप्रोस्ट निचरा वाढवतो. टिमोलॉलने प्रेशर साधारण २० ते २५ टक्के उतरतं, लॅटानोप्रोस्टने २५ ते ३३ टक्के. शिवाय झोपेत हा द्रव मुळातच कमी तयार होतो, त्यामुळे टिमोलॉलला रात्री फारसं काम उरत नाही.

एवढ्यावर निकाल लागला असं वाटेल, पण खरी छाननी डोळ्याबाहेर करायची असते. टिमोलॉलचा थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो. म्हणून दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), मंद नाडी किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या विद्युत संदेशांतला अडथळा) असेल तर तो नको. दादरचा पूल चढताना आजोबांना धाप लागली की घरचे वयाला दोष देतात. महिन्याभरापूर्वी सुरू झालेले थेंब कुणाच्या डोक्यातही येत नाहीत. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल (हेही बीटा-ब्लॉकरच) चालू असेल तर आणखी पंचाईत: थेंबांचा डोळ्यावरचा परिणाम घटतो आणि नाडी जास्तच मंदावू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड झाकली जाते. बीटाक्सोलॉल हा याच गटातला दुसरा थेंब फुप्फुसांना त्यामानाने सौम्य, पण प्रेशरही थोडं कमीच उतरवतो.

लॅटानोप्रोस्टच्या तक्रारी बहुतेक डोळ्यापाशीच थांबतात: लाली, लांब वाढणाऱ्या पापण्या, भोवतीची काळसर त्वचा. बुबुळाचा रंग कायमचा गडद होऊ शकतो, आपल्या तपकिरी डोळ्यांत तो सहसा जाणवत नाही. एकाच डोळ्यात थेंब असतील तर मात्र फरक दिसतो. न उघडलेली बाटली सहसा फ्रिजमध्ये लागते, उघडल्यावर २५ अंशांखाली सहा आठवडे. मुंबईच्या मे महिन्यात २५ अंश कुठून आणणार? उघडलेलीही फ्रिजमध्येच ठेवा. काही ब्रँडना फ्रिज लागत नाही, लेबल वाचा.

टिमोलॉल स्वस्त, पण बहुधा दिवसातून दोनदा. संध्याकाळचा थेंब लोकलच्या गर्दीत हमखास चुकतो. लॅटानोप्रोस्ट रात्री एकदा.

माझं मत विचाराल तर सुरुवात लॅटानोप्रोस्टने. तेवढ्याने भागलं नाही तर, छाती-हृदय ठीक असल्यास, टिमोलॉल जोडीला. दोन्ही एकाच बाटलीतही मिळतात. टिमोलॉल टाकल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा, रक्तात कमी जाईल. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना बीपीच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.