दुहेरी दिसतंय? चिकटवायचा प्रिझम की काचेतच घडवलेला?

एकाची दोन माणसं दिसायला लागली, की डोळ्यांचे डॉक्टर कधी कधी त्या दोन प्रतिमा एकत्र आणायला चष्म्यात प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी पाचरीसारखी काच, देतात. 1 प्रिझम डायॉप्टर म्हणजे 1 मीटर अंतरावर प्रकाश 1 सेंटिमीटर सरकवणारी ताकद. किरण प्रिझमच्या जाड कडेकडे वळतात, प्रतिमा मात्र पातळ कडेकडे सरकते.

फ्रेनेल प्रिझम ही जेमतेम 1 मिलिमीटर जाडीची मऊ प्लास्टिकची चकती. कात्रीने काचेच्या आकारात कापायची आणि पाण्याखाली धरून आतल्या बाजूला चिकटवायची. ताकद बदलली तर सोलून दुसरी लावायची. मधुमेहात कधी कधी डोळा बाहेर वळवणारी सहावी नस अचानक लुळी पडते आणि बहुतेकदा काही महिन्यांत सुधारते. अशा वेळी मला हीच योग्य वाटते. अगदी 40 प्रिझम डायॉप्टरपर्यंतची ताकद मिळते. पण तिच्या बारीक रेघांमुळे अक्षरं धूसर होतात, ताकद जास्त तितकी धूसरता जास्त. रेघांत धूळही बसते.

काचेतच घडवलेला प्रिझम स्वच्छ दिसतो, वाचणाऱ्याला सुखाचा. ताकद वाढली की काच एका कडेला जाड होते, म्हणून ताकद दोन्ही डोळ्यांत वाटून देतात. तिरळेपणा स्थिरावल्यावरच हा प्रिझम करून घ्यावा.

दुहेरी दिसणं अचानक सुरू झालं असेल, तर चष्म्याच्या दुकानाआधी डॉक्टर गाठा, तोही त्याच दिवशी.