पिनॅकल ९००टी : सीरममधील धातू मोजणाऱ्यांसाठी

पर्किनएल्मरच्या पिनॅकल ९००टी या ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन यंत्रात, म्हणजे अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातूचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात, नमुन्याचे अणू सुटे करण्यासाठी ज्योत आणि ग्रॅफाइटची भट्टी (विजेने तापणारी छोटी नळी) अशा दोन्ही सोयी आहेत. रक्ताच्या सीरममधील (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातील) धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेने ते घ्यावे की नाही, हे मुख्यतः कोणते धातू मोजायचे आहेत यावर ठरते.

केवळ तांबे आणि जस्त मोजायचे असेल, तर भट्टीवर खर्च करण्याची गरज नाही. ही दोन्ही मूलद्रव्ये सीरममध्ये डेसिलीटरला साधारण ७० ते १४० मायक्रोग्रॅम असतात, त्यामुळे नमुना विरल करूनही हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीत तांबे ३२४.८ आणि जस्त २१३.९ नॅनोमीटर तरंगलांबीला व्यवस्थित मोजता येते. मात्र सीरम पाण्यापेक्षा दाट असल्याने नेब्युलायझर (द्रावणाचे तुषार करून ज्योतीत सोडणारा भाग) ते हळू ओढतो, आणि नुसत्या पाण्यातल्या स्टँडर्डशी (प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाशी) ताडून पाहिले तर आकडा कमी येतो; स्टँडर्डमध्ये थोडे ग्लिसरॉल मिसळून दाटपणा जुळवण्याची जुनी रीत मला आजही भरवशाची वाटते.

या यंत्राचे खरे मोल सेलेनियम मोजताना कळते. १९६.० नॅनोमीटरला रक्तातील लोह आणि फॉस्फेट असा अडथळा आणतात की ड्युटेरियम दिव्याची पार्श्वभूमी-दुरुस्ती (इतर घटकांनी शोषलेला प्रकाश वजा करण्याची पद्धत) फसते. येथील झीमन दुरुस्ती, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वापरून केलेली दुरुस्ती, तो अडथळा समर्थपणे दूर करते. शिवाय हे चुंबकीय क्षेत्र भट्टीच्या नळीच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी गाळणी) लागत नाही आणि प्रकाश वाया जात नाही. नळी आडव्या दिशेने तापत असल्याने तिचे तापमान टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ सारखे राहते. नमुन्यात पॅलेडियम घातले की राख करण्याच्या टप्प्यावर (मोजण्याआधी नमुन्यातील सेंद्रिय भाग जाळताना) सेलेनियम उडून जात नाही, आणि एवढ्या सगळ्यासाठी वीसेक मायक्रोलिटर द्रावण पुरते, ही लहान मुलांच्या नमुन्यांच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे.

भट्टीचे काम संथ आहे, आर्गॉन आणि ग्रॅफाइटच्या नळ्यांचा खर्च सतत चालू राहतो. एकाच नमुन्यात दहा-बारा धातू हवे असतील, तर आयसीपी-एमएस (अनेक मूलद्रव्ये एकाच वेळी मोजणारे प्लाझ्मा-वस्तुमान वर्णपटमापी यंत्र) घेणेच शहाणपणाचे.

यंत्र कितीही उत्तम असले, तरी रक्त घेतानाची चूक ते सुधारू शकत नाही. रक्त घेण्याच्या साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरते. तांबड्या पेशी फुटल्या तरी जस्ताचा आकडा फुगतो. म्हणून सूक्ष्म धातूंसाठीच्या निळ्या बुचाच्या नळ्यांची तरतूद खरेदीच्याच अंदाजपत्रकात करावी. शिसे मोजण्याचा विचार असेल, तर सीरम नव्हे, पूर्ण रक्तच मागवावे, कारण रक्तातील बहुतांश शिसे तांबड्या पेशींतच असते.