"डेटा रिकव्हरी"चे पैसे घेतले आणि केलं फक्त कॉपी-पेस्ट, सावध रहा

ताईचा लॅपटॉप एका अपडेटनंतर चालूच होईना, निळी स्क्रीन यायची आणि परत रिस्टार्ट, म्हणून तिने रिपेअरवाल्याकडे दिला. त्याने सांगितलं विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, सगळा डेटा जाणार, आणि फोटो वगैरे पाहिजेच असतील तर रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून काढावे लागतील, त्याचे वेगळे पैसे. आता त्यात लेकीच्या जन्मापासूनचे फोटो, हिच्या थिसिसचं काम, ती बिचारी काय नाही म्हणणार? वर "ओरिजिनल विंडोज टाकतो" म्हणून लायसन्सचे आणखी घेतले. बिल नाही, काही नाही.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला. "रिकव्हरी" नावाचं एक फोल्डर, आत तिचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सगळं जसंच्या तसं, फाइलींची नावं तीच, डेस्कटॉपवरचे शॉर्टकटसुद्धा जागेवर. इथेच मला खटकलं. कारण फॉरमॅट मारून वर नवीन विंडोज चढवलं की खऱ्या रिकव्हरीत बऱ्याचदा फाइलींची नावं जातात, नुसते नंबर येतात, काही फोटो अर्धेच उघडतात, आणि हिच्या लॅपटॉपला तर एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) आहे, त्यात फॉरमॅटनंतर ट्रिममुळे (पुसलेली जागा खरोखर रिकामी करणारी सोय) डेटा बहुतेक वेळा परत येतच नाही. मग सी ड्राइव्ह बघितला तर तिथे "विंडोज डॉट ओल्ड" फोल्डर पडलेलं! म्हणजे या माणसाने फॉरमॅट मारलंच नव्हतं. पार्टिशन (डिस्कचा तो भाग) न पुसता नवीन विंडोज टाकलं की जुनं सगळं, आपल्या फाइलींसकट, सेटअप स्वतःच त्या फोल्डरमध्ये सरकवतो. तिथून याने उचलून दुसरीकडे टाकलं आणि त्याला रिकव्हरी म्हणाला.

लायसन्सचं तर त्याहून वाईट. लॅपटॉप विंडोजसकट घेतलेला, त्याची की (लायसन्सचा कोड) बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते, तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकून इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, पैसे कसले? मी कमांड प्रॉम्प्टमध्ये "एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर" टाकून बघितलं तर परमनंट यायच्या ऐवजी एक्स्पायरी डेट आली, म्हणजे 180 दिवसांचं केएमएसवालं (कंपन्यांसाठीच्या ॲक्टिव्हेशनची नक्कल करणारं) क्रॅक, आणि ते अँटिव्हायरसने पकडू नये म्हणून डिफेंडरच्या (विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या) एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे "हे तपासू नको" यादीत, अख्खा सी ड्राइव्ह घातलेला. त्याच लॅपटॉपवर ती बँकेचे व्यवहार करते हो! फोन केला तर म्हणे "डेटा मिळाला ना मॅडमना, मग झालं की", आणि कट केला. मी ते विंडोज काढून स्वच्छ नवीन टाकलं, लगेच ॲक्टिव्हेट झालं, एक पैसा लागला नाही.

तर कुणाचं विंडोज बंद पडलं तर आधी हे करा. लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीची स्क्रीन येते, तिथे ट्रबलशूटमध्ये रीसेट धिस पीसी आणि त्यात "कीप माय फाइल्स". प्रोग्राम उडतात ते परत टाकावे लागतात, पण फोटो-कागदपत्रं राहतात. तरी धाकधूक असेल तर (मला असतेच) आधी ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड टाइप करा, फाइल-ओपनमध्ये ऑल फाइल्स निवडा, झालं, तिथूनच फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट होतं. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 आकडी की मागितली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती आपल्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते. फक्त हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काही करू नका, तो खरंच रिकव्हरीवाल्याचा विषय आहे.

आणि दुकानात द्यायचाच असेल तर डेटा समोर बसून कॉपी करून घ्या, मगच त्याला विंडोज टाकू द्या. कुणी नुकतंच टाकून दिलं असेल आणि "डेटा गेला" म्हणत असेल तर आत्ताच्या आत्ता सी ड्राइव्ह उघडून विंडोज डॉट ओल्डमधलं युजर्स फोल्डर बघा, साधारण 10 दिवसांनी विंडोज ते स्वतःच पुसून टाकतं.