सॅटेलाइट रेडिओ, १६ महिन्यांनंतर: पैसे भरावेत का?

यूटातल्या डेल्टापासून नेवाडातल्या ईलीपर्यंतचा साधारण १५० मैलांचा रस्ता ज्यांनी एकट्याने चालवलाय, त्यांना मी सॅटेलाइट रेडिओचे पैसे का भरतो ते वेगळं सांगावं लागणार नाही. गाव सुटलं की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. मग एफएम खरखरायला लागतं. डावीकडे सेव्हियर लेकचं कोरडं पांढरं पात्र, समोर एकामागून एक डोंगररांगा, आणि अर्धा-अर्धा तास समोरून एकही गाडी नाही. दवाखान्यांच्या लॅबमधली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम आहे. घर सॉल्ट लेक सिटीत. महिन्यातून तीन-चार वेळा ईली, एल्को किंवा खाली सेंट जॉर्जकडे जावं लागतं. एका फेरीत आठ-नऊ तास गाडीत सहज जातात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जुनी गाडी घेतली, तिच्यात सिरियसएक्सएमचा, म्हणजे वर्गणी भरून ऐकायच्या अमेरिकी सॅटेलाइट रेडिओ सेवेचा, रिसीव्हर आधीपासून बसवलेला होता. तीन महिने फुकट मिळाले. त्यानंतर वर्षभर महिना ५ डॉलरचा करार केला आणि आता दुसरं वर्ष सुरू आहे. पुण्याला फोनवर सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, "म्हणजे आपल्या वर्ल्डस्पेससारखं?" वर्ल्डस्पेस ही भारतात मिळणारी सॅटेलाइट रेडिओ सेवा त्यांनी घेतली होती ती फक्त 'गंधर्व' या चॅनेलसाठी. विलंबित ख्याल मध्येच न तोडता पूर्ण ऐकवणारं केंद्र घरात चोवीस तास, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं! मूळ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. असा सेट दुसऱ्या कुठल्याही सेवेला चालत नाही. त्यामुळे यंत्रावर वेगळा पैसा घालायचा नाही हे माझं पक्कं होतं. गाडीत रिसीव्हर नसता तर मी या वाटेला गेलोच नसतो.

आधी सिग्नलचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर आहेत, म्हणजे आपल्याला दक्षिणेकडे दिसतात. सॉल्ट लेक सिटीहून पाहिलं तर क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मध्यावर. उघड्या माळरानावर म्हणूनच आवाज अखंड येतो. डेल्टा ते ईली या पट्ट्यात १६ महिन्यांत तो तुटल्याचं मला आठवत नाही. पुलाखालून जाताना तुटेल असं वाटतं, पण तसंही होत नाही. एकच कार्यक्रम काही सेकंदांच्या फरकाने दोनदा पाठवलेला असतो आणि रिसीव्हर तो साठवून ठेवतो. एक धागा क्षणभर तुटला तरी दुसरा हाताशी असतो. इंजिनिअर म्हणून मला ही रचना फार आवडली.

अडचण येते ती दक्षिणेला कडा उभा असेल तिथे. सेंट जॉर्जच्या खाली इंटरस्टेट १५ व्हर्जिन नदीच्या घळीतून जातो. तिथे दोन्ही बाजूंना एवढे उंच खडक आहेत की आवाज येतो-जातो-येतो. सिग्नलला थांबलात आणि गाडी नेमकी पुलाखाली असली तर साठवलेले चार सेकंद संपतात आणि शांतता. पार्किंगच्या इमारतीत तर काहीच नाही. मोठ्या शहरांत उंच इमारतींची अडचण नको म्हणून जमिनीवर पुनर्प्रक्षेपक, म्हणजे तोच कार्यक्रम जवळून पुन्हा पाठवणारी यंत्रं, उभारलेत, त्यामुळे तिथे फारसा त्रास होत नाही.

आवाजाचा दर्जा मात्र कमी आहे, आणि हे पैसे भरण्याआधी कानांनी तपासून घ्यावं असं मी कळकळीने सांगेन. २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ एवढ्याशा पट्ट्यात शेकडो चॅनेल कोंबायचे म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येणार. बोलण्याच्या चॅनेलवर निवेदकाचा आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. संगीतात झांजांची किणकिण पाण्यातून आल्यासारखी पसरते. सिम्फनी हॉल या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या चॅनेलवर व्हायोलिनचा हळुवार भाग लागला की मला हे फार जाणवतं. हीच चॅनेल फोनच्या अ‍ॅपवर ऐकली की फरक स्पष्ट कळतो. ताशी ७५ मैलांच्या वेगात टायरचाच आवाज एवढा असतो की बरंचसं झाकलं जातं. पण घरी चांगल्या स्पीकरवर ऐकणाऱ्याने उपग्रहाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मग गाणी फोनमध्ये उतरवून का घेत नाही? घेतो. मराठी गाणी मला या रेडिओवर मिळाली नाहीत, त्यामुळे अभंग, नाट्यपदं आणि भावगीतं फोनवरच असतात आणि पहिले दोन तास तीच वाजतात. पण तिसऱ्या-चौथ्या तासाला स्वतः निवडलेलं ऐकून मन थकतं. पुढचं गाणं कोणतं ते आधीच ठाऊक असतं आणि डोळे जड होऊ लागतात. अशा वेळी दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं, आत्ता या क्षणी कुणी बोलत असलेलं ऐकायला मिळालं की मी जागा होतो. लहानपणी रेडिओ लावला की पुढे काय लागेल ते ठाऊक नसायचं, तेच इथे परत मिळालं. ब्लूग्रास जंक्शन या अमेरिकी लोकसंगीताच्या चॅनेलवरची बँजो मी आपणहून कधीच शोधली नसती. आज ते माझं आवडतं चॅनेल आहे.

रेडिओ क्लासिक्सबद्दल तर सांगावं तितकं थोडं. टीव्ही येण्याआधीच्या काळातल्या अमेरिकी श्रुतिका त्यावर दिवसरात्र लागतात. दाराचं करकरणं, खडीवरची पावलं, लांबून येणारी आगगाडी, सगळं काही आवाजातून उभं केलेलं. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच आपलं वाटतं. रात्री दहानंतर वेंडोव्हरकडून मीठाच्या पठारावरून परतताना अशी एखादी गुप्तहेरकथा लागली की शंभरेक मैल कधी सरले ते समजत नाही.

दुसरं म्हणजे बेसबॉल. मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे सगळे सामने यावर थेट ऐकता येतात. मला खेळ कळत नव्हता. गेल्या उन्हाळ्यात निव्वळ समालोचन ऐकून तो शिकलो. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन बाबा कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकायचे. मैदान न बघता ते डोळ्यांपुढे उभं करायची कला काय असते, हे मला नेवाडाच्या वाळवंटात पुन्हा उमगलं.

फुकटचा पर्यायही आहे आणि तो वाईट नाही. रात्री एएम बँडवर सॉल्ट लेकचं केएसएल, ११६० किलोहर्ट्झ, ५०,००० वॉटचं केंद्र खूप लांबवर ऐकू येतं, कारण अंधार पडला की मध्यम लहरी आयनमंडल या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात. बातम्या आणि हवामान एवढंच हवं असेल तर रात्रीच्या प्रवासाला ते पुरे. दिवसा मात्र ते तेवढं लांब पोचत नाही.

आता पैशांचं. जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा वेगळा असतो. 'म्युझिक रॉयल्टी फी' नावाची एक ओळ वेगळी लागते, ती वर्गणीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असते आणि तो सरकारी कर नाही. त्यावर कर. माझे ५ डॉलर प्रत्यक्षात ७ च्या आसपास गेले. सवलतीची मुदत संपली की हाच प्लॅन फी धरून महिना २० डॉलरच्या वर जातो, तेही आपोआप. या दराने मी तो घेणार नाही आणि कुणाला घ्या म्हणणारही नाही. मुदतीच्या दोन आठवडे आधी फोन केला, बंद करायचंय म्हणालो, तेव्हा महिना ८ डॉलरचा वर्षभराचा करार मिळाला. बंद करण्याच्या पद्धतीवरून न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीवर दावा लावला होता, आणि ती पद्धत फेडरल कायद्याला धरून नाही असा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. त्यामुळे कार्डाचा नंबर देण्याआधी करार संपायची तारीख लिहून ठेवा.

बायकोच्या गाडीतही रिसीव्हर आहे. तिचं ऑफिस सहा मैलांवर, रेंज सगळीकडे, गाणी फोनवर. तिच्या गाडीचे तीन फुकट महिने संपले तेव्हा आम्ही काहीच भरलं नाही आणि तिला त्याची आठवणही आलेली नाही. माझा करार पुढच्या जूनच्या मध्यावर संपतो. १ जूनची आठवण फोनमध्ये लावून ठेवली आहे.