गाणी मिळाली ना, मग फसवणूक कसली?

वडिलांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांची गाणी डिजिटल करून देतो म्हणणाऱ्याला दिलेले २६,५५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले?" असं कुणी विचारायला नको. ३१ एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या, दर ३५०, झाले १०,८५०. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ४६ तबकड्या, दर २५०, झाले ११,५००. वर ७८ साठी "स्पेशल सुई" म्हणून ३,५०० आणि पेन ड्राइव्हचे ७००. निम्मे आगाऊ, निम्मे माल हातात आल्यावर, सगळं यूपीआयने. आणि परत आलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांतल्या नऊ आमच्या नव्हेतच.

आम्ही मिरजेचे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या आयुष्यात जमवलेल्या तबकड्या: अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर. रेकॉर्डचा आवाज चांगला की डिजिटल, या वादात मला पडायचं नाही. ८४ व्या वर्षी दर तीन मिनिटांनी उठून तबकडी उलटणं त्यांना झेपेना, एवढंच कारण होतं.

तो माणूस घरी आला. हातात पांढरे मोजे, तबकडी कडेने धरणार, खाचेला बोट लावणार नाही. बोललेलं बहुतेक खरंच होतं. ७८ ची खाच एलपीपेक्षा रुंद असते, तिला जाड सुई लागते, हे खरं. जुन्या तबकड्यांना १९५४ नंतरचा आरआयएए कर्व्ह, म्हणजे जाड-बारीक आवाजाचा तोल ठरवणारं मानक, सरसकट लावायचा नसतो, हेही खरं. मी त्या रात्री बसून वाचून पाहिलं होतं. तेव्हा "आधी चौकशी करायची ना" हे कृपया मला ऐकवू नका. चौकशी केली होती. चौकशीत तो पास झाला.

माल परत घेऊन आला तेव्हा त्याने लॅपटॉपवर बालगंधर्वांचं एक पद लावून दाखवलं. दादा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "ही आपली नव्हे रे. आपलीत इथे सुई उडते." तो हसला, "आजोबा, सॉफ्टवेअरने काढलं ते." आणि मी, मी दादांनाच म्हणालो, "दादा, तुम्हाला हल्ली ऐकू कमी येतं." ते गप्प बसले. मी उरलेले पैसे पाठवले.

ओरखड्याची टिकटिक सॉफ्टवेअर काढतं. ७८ वर ती पाऊण सेकंदाने येते, यंत्राला ती सहज सापडते. पण सुई उडून ओळीचा तुकडाच गळत असेल तर तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण समोर मोजेवाला तज्ज्ञ, आणि बोलणारे कानात मशीन घातलेले दादा. तुम्ही कुणाचं ऐकलं असतं?

दुसरी गोष्ट तर नुसत्या गुणाकाराची होती. ठरलं होतं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता ठेवलेली मोठी फाइल. याला मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात. चाळीस मिनिटांची एलपी धरली तर फक्त ३१ एलपींचेच ४० जीबीच्या वर होतात. त्याने दिलेला पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, तोही अर्धा रिकामा! दहावीतल्या पोराने पकडलं असतं.

पकडलं भाच्याने. ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर १६ किलोहर्ट्झच्या वरचा बारीक आवाज सगळा कापलेला, सरळ रेषेत. खऱ्या तबकडीची खरखर अशी शिस्तीत एका रेषेवर थांबत नाही, ही एमपी३ ची, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलची खूण. म्हणजे इंटरनेटवरून उतरवायचं, वेव्ह करायचं, दर तबकडीला २५० लावायचे. एका फाइलच्या शेवटी तर "चॅनेलला सबस्क्रा" एवढं ऐकूही येतं. तेवढं कापायचीही तसदी घेतली नाही मेल्याने.

मग तबकड्या काढून बघितल्या. नऊ पाकिटांत घासलेली सिनेमाची गाणी. पाकिटं आमची, माल भलताच. डिजिटलचं निमित्त होतं, त्याला तबकड्याच हव्या होत्या.

पोलीस ठाण्यात काय झालं ते ऐका. "काका, गाणी मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" मी तबकड्यांचं सांगितलं. "पावती आहे?" सत्तर वर्षांपूर्वी दादांनी घेतलेल्या तबकडीची पावती! "भंगारात किती येतील?" असंही विचारलं. मग म्हणे हे दिवाणी प्रकरण आहे, माल त्याच्या गावी गेला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, माल तुमच्या दारातून उचलला, तिकडेच जा. झिरो एफआयआर कायद्यात आहे, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, हे मी बोललो तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर काही दिवसांनी मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कसलं निराकरण? कुणी केलं? मला एक फोनही आला नाही. त्या माणसाचा नंबर बंद, दुकानाच्या पत्त्यावर झेरॉक्सवाला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दावा टाकता येतो. हे मला पोलीस ठाण्यात कुणी सांगितलं नाही.

तबकडी घराबाहेर जाऊ देण्याआधी लेबलाचा आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेल्या मॅट्रिक्स नंबरचा, म्हणजे तबकडीच्या साच्याच्या नंबरचा, फोटो काढा. दोन्ही बाजूंचा. लेबल सारखं दिसू शकतं, कोरलेला नंबर फसवत नाही. आमच्याकडे फोटो नाहीत, म्हणून तर सगळीकडे तोंड बंद. आधी एकच तबकडी द्या, तीही जिच्यातली खोट तुम्हाला पाठ आहे ती. साफ न केलेली मूळ फाइलही मागा, ती द्यायला खळखळ केली तर समजा. ७८ ची तबकडी अल्कोहोलने पुसतो म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा, ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आमचा तेही म्हणाला होता, "फ्री क्लीनिंग" म्हणून. आणि घरातलं म्हातारं माणूस "ही आपली नव्हे" म्हणालं तर पैसे पाठवू नका.

जुन्या बाजारात कुणाला ७८ च्या लेबलावर निळ्या शाईत आकडा आणि त्याभोवती गोल दिसला, तर ते दादांचं अक्षर आहे. विकत घेऊ नका, फोटो काढा, दुकानदाराला कुणाकडून आली ते विचारा आणि मला कळवा.